रंगीत कागदावर आईचा रंग

आईच्या तेरवीला भिंतीवर जो फोटो लागला, त्यातली बाई आमची आई नव्हती. मलकापुरात आता सगळ्यांच्याच गेलेल्या माणसांचं असं करतात. फोटोच्या दुकानात मोबाइलमधला चेहरा कापून घेतात, उजळवतात, खाली पैठणी चिकटवतात आणि मागे ढग सोडतात. आईच्या कपाळावरची खोक गेली, दातावर चढलेला दात सरळ झाला आणि जन्मभर काळी असलेली बाई मेल्यावर गोरी झाली. गावातच वेगळं राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावानं, दादानं, ती फ्रेम मोठ्या हौसेनं करून आणली होती. पाहुण्यांना मी जेवायला वाढत राहिले, पण माझं डोकं जे फिरलं ते पुढं वर्षभर फिरलेलंच राहिलं. वर्षश्राद्धाला हा फोटो त्या भिंतीवर राहणार नाही, हे मी ठरवून टाकलं.

बाबांचा पूर्वी स्टुडिओ होता. त्यांच्या पेटीत आईची एक काळी-पांढरी निगेटिव्ह सापडली. तारेवर कपडे वाळत घालताना ती कशावर तरी खळखळून हसली होती, तेवढ्यात बाबांनी काढलेली. ती दुकानात दिली असती तर त्यांनी स्कॅन करून तिला पुन्हा गोरी केली असती. नको म्हटलं तरी त्यांचा हात थांबत नाही. म्हणून प्रिंट घरीच काढायची, असं मी जाहीर केलं.

घोडं अडलं कागदावर. काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद कधीच संपला होता. उरला होता तो रंगीत फोटोचा, काळ्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. त्याची औषधं नव्हती. बंद डब्यांत शिल्लक होतं ते काळ्या-पांढऱ्याचं, चित्र उमटवणारं डेव्हलपर आणि ते पक्कं करणारं हायपो. दादा म्हणाला, ह्या कागदाला ते औषध म्हणजे चहात मीठ. मी म्हटलं, घालून तर बघू.

बाबांना आता कमी दिसतं, पण डार्करूमचं नाव काढताच ते काठी विसरून आले. न्हाणीघराच्या खिडकीला आम्ही सतरंज्या ठोकल्या, भर दुपारी मिट्ट अंधार केला आणि निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारा माळ्यावरचा एन्लार्जर खाली घेतला. मी पहिला कागद ट्रेमध्ये सोडला आणि बाबांनी सवयीनं लाल दिवा लावला. काळ्या-पांढऱ्या कागदाला लाल उजेड चालतो, रंगीत कागद त्यात जळतो. हे आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. तरी दिवा लागला तेव्हा आम्हाला काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण त्याच उजेडावर आमचं घर चाललं होतं. कागद डोळ्यांदेखत कोळशासारखा झाला. माझं ओरडणं ऐकून, झालं समाधान, असं दादानं बाहेरून विचारलं. मी दार उघडलं, बल्ब काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

पुढचे कागद पूर्ण अंधारात केले. ट्रेमध्ये चेहरा हळूहळू उमटताना बघायची सगळी मजा गेली. हायपोतून निघेपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही. एक फिकट आला, पुढचा भुरकट. मग मी इरेला पेटले. औषधात पाणी घालणंच बंद केलं, एन्लार्जरचा उजेड जास्त वेळ दिला. बाबा बोट बुडवून औषध किती गार आहे ते बघत आणि ट्रे हलवत राहिले.

शेवटी एक प्रिंट आली. मातकट तपकिरी होती, पांढरं कुठंच धड पांढरं नव्हतं. पण तोंडावर ऊन होतं, कपाळावर खोक होती, दातावर दात होता. बिनदुधाच्या चहासारखा तो रंग अगदी तिचा होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

प्रिंट कपड्यांच्या तारेवर चिमटा लावून वाळत घातली. दादानं पुढं होऊन ती जवळून बघितली.

"हे असं काळंबेंद्रं लटकवशीन भिंतीवर? लोक काय म्हणतीन?"

मी त्याच्यावर तुटून पडणार होते, पण बाबा आधी बोलले.

"निगेटिव्हले पेन्सिल लावू लावू म्या गावभराच्या पोरी गोऱ्या केल्या, लग्नं जुळली पायजे म्हणून. तुह्या आईच्या निगेटिव्हले लावाले गेलो त तिनं हात धरला माहा. म्हणे, मले माह्यासारखी दिसू द्या."

हे आम्हाला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. दादा तरीही पाहुण्यांचं काहीतरी पुटपुटला. मी स्टुलावर चढले, ढगांची फ्रेम खिळ्यावरून काढली आणि खाली त्याच्या हातात दिली.

"ह्या बाईले हार घालाचा असंन त तुह्या घरी घाल," मी म्हटलं. "इथं आपली आई राहीन."