पावलातली सव्वीस हाडं

केंटकीतल्या आमच्या खाणगावात डार्ला शाळेत अकरावीला असतानाच जवळच्या कॉलेजचा एक विषय शिकत होती. नर्सिंग जमतंय का बघू, म्हणून तिनं शरीरशास्त्र घेतलं आणि त्यातच रमली. तेवढ्यात तिच्या वडिलांची फुप्फुसं खाणीतल्या धुळीनं निकामी झाली.

"मॅडम, विषय सोडते. डॅडीजवळ कुणी नाही," म्हणत तिनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. मी शाळेची समुपदेशक. चिठ्ठी फायलीत लावली आणि काम झालं असं समजले. शाळेचं दफ्तर वेगळं, कॉलेजचं वेगळं, विषय सोडल्याचं तिकडेही कळवावं लागतं, हे त्या पोरीला कुठून कळणार? मला मेलीला कळायला हवं होतं! कॉलेजनं तिला नापास केलं आणि तो शेरा तिला जन्माचा चिकटला. नर्सिंगला तिनं दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नाकारला गेला. चिठ्ठी फायलीतच राहिली, हे सांगायला माझी जीभ अजून रेटलेली नाही.

आता ती वृद्धाश्रमात आयाचं काम करते, आणि मी तिथेच पडून आहे. माझे पाय पुसताना ती पुटपुटत एकेका हाडाचं नाव घेते.

"अजून आठवतात गं?"

"सगळी सव्वीस, मॅडम. परीक्षेलाच तेवढी बसले नव्हते."