कुमुदताईंना ऐकू आलेलं

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुधवार पेठेत हेडफोन बघत होतो. दुकानदाराला तसंच सोडून बाहेर आलो... काय बाई होती! पोलिसात हवालदार. निवृत्तीच्या आधी वरिष्ठांनी त्यांना आमच्या सायबर विभागाच्या खोलीत आणून बसवलं. मी तिथला कंत्राटी इंजिनिअर. लोकांच्या पोस्ट वाचून हिंसक माणूस हुडकणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि त्याची मला भारी मिजास होती.

पहिल्याच यादीत अव्वल कोण? पाणी गेलं की सोसायटीचं ऑफिस जाळायची धमकी देणारे नारायण पेठेतले एक आजोबा! आम्ही जीप घेऊन धडकलो. "या. काडेपेटी स्वयंपाकघरात आहे, न्या जप्त करून," आजोबा म्हणाले. परतताना ताई हसून हसून बेजार. "अहो इंजिनिअर, गरजेल तो पडेल काय?"

ताई दर शनिवारी कात्रजच्या एका खानावळीत जेवायच्या आणि ती चालवणाऱ्या मावशींशी बोलत बसायच्या. एकदा मावशी सहज बोलून गेल्या, "कारखान्यातला तो पोरगा हाय ना, त्यानं डबा बंद केला. म्हणाला, मावशी, उद्या मंडईत जाऊ नका. लई माया हाय त्याची." ताईंचा घास हातातच राहिला. लगेच मला फोन. मी त्याचं खातं तपासलं. सुप्रभात, गुलाबाची फुलं, एक मांजर. धोका शून्य!

"ताई, पोरगा स्वच्छ आहे हो."

"तुमचं यंत्र विचारून झालं. आता मी विचारते."

संध्याकाळी पथक त्याच्या खोलीवर पोचलं. रविवारी मंडईत करायच्या घातपाताची सगळी तयारी पलंगाखाली होती. आम्ही वेळेत पोचलो होतो! मी आनंदाने ओरडलो. ताई मात्र त्या रडणाऱ्या पोरासमोर बसून राहिल्या. मनातलं त्याने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तेही तिचा जीव वाचावा म्हणून. हे माझ्या प्रोग्रॅमला कुठून दिसणार?

ताईंच्या तेराव्याला मावशी भेटल्या. म्हणाल्या, "तुरुंगात त्याला कुणी सांगितलं का, ताई गेल्या म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ताई दर महिन्याला त्याला भेटायला जात, हेही मला तेव्हाच कळलं. मी गेलो. भेटीच्या वहीत आधीच्या पानांवर ताईंची गोल, ठसठशीत सही होती. 'कैद्याशी नातं' या रकान्यात दर वेळी एकच शब्द: ओळखीची.

त्याच्याशी मी जन्मात एक शब्द बोललो नव्हतो. तरी लिहिलं, ओळखीचा... आणि आत गेलो.