जांभळाचं आईस्क्रीम आणि आमचे शुक्रवार

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. डीप फ्रीजरच्या आत बर्फ साचतो तसे ते साचत जातात. रोज बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, आणि मग एक दिवस झाकणच लागेनासं होतं. आमचं झाकण परवा लागेनासं झालं, म्हणून लिहायला बसले.

आम्ही म्हणजे चौघं. अंबरनाथच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीत आहोत. देशपांडे सर टेस्टिंग लॅबचे इन्चार्ज, स्वतःच्या चहातली साखरही चमचा सपाट करून मोजणारे. हरेश खरा स्टोअर्सचा, पण एसी लॅबमध्ये असल्यामुळे तोही लॅबमध्येच असतो. तो उल्हासनगर कॅम्प चारचा सिंधी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणारा. सुगंधा मशीनवर ऑपरेटर, बदलापूरच्या जुन्या कुळगावातली सून. आणि मी रजिस्टर लिहिणारी.

या सगळ्याचं मूळ सुगंधा. तिला तिच्या घराच्या ओटीवर आईस्क्रीमचं दुकान काढायचं होतं, तेही घरच्या जांभळाचं. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ती ओटी एका जमिनीच्या एजंटला ऑफिससाठी द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. सुगंधाने तोंड उघडलं तेव्हा नाना म्हणाले, "जांभूल आपले गावान झाडाखाली पडून सडतो. त्याचा आईस्क्रीम कोन खानार गो?"

ती हटली नाही, तेव्हा त्यांनी पाऊस लागेपर्यंतची मुदत दिली. तोवर दुकान उभं राहून चाललं तर तिचं, नाहीतर ओटी एजंटची. सुगंधाने जन्मात कधी आईस्क्रीम केलं नव्हतं. ती लॅबमध्ये येऊन रडली. सरांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "रडणं नंतर. आधी मार्केट स्टडी."

आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी. सगळं जग कामावर असतं तेव्हा आम्ही मोकळे. त्या उन्हाळ्याचे सगळे शुक्रवार आम्ही उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या आईस्क्रीमच्या दुकानांत घालवले.

•

पहिलं दुकान हरेशच्या गल्लीतलं, कॅम्प चारमध्ये. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हातात लॅबची तापमान मोजायची गन, माझ्या हातात रजिस्टर, सुगंधाच्या हातात स्टॉपवॉच. सरांनी नमस्कार वगैरे न करता थेट फ्रीजरवर गन रोखली आणि विचारलं, "तापमान रोज लिहून ठेवता?"

गल्ल्यावरचे शेठ उठून उभे राहिले. ड्रॉवरमधून केस झाकायची टोपी काढून डोक्यावर घातली. "कल से लिखेंगे साहब."

"आजपासून लिहा," सर म्हणाले.

पाच मिनिटांत आमच्यासमोर सात फ्लेवर आले. आम्हाला वाटलं, काय अगत्य आहे! सरांनी एकेक वितळायला किती वेळ लागतो ते मोजलं, मी लिहून घेतलं. शेवटी सरांनी बिल मागितलं. शेठ हात जोडून नको नको म्हणत होते. सर कडक आवाजात म्हणाले, "बिलाशिवाय मी सॅम्पल धरत नाही."

शेठनी बिलावर दोनदा शिक्का मारला. त्यांनी हरेशला कोपऱ्यात ओढलं. "भाई, फ्री में खाके जाता तो टेन्शन नहीं था. ये पैसे दे रहा है, मतलब बहुत ऊपर से आया है."

पुढच्या महिन्यात आम्ही परत गेलो, तर फ्रीजरवर तापमानाचा तक्ता लागला होता. रोजच्या नोंदी, खाली सही. सरांनी तो इतका वेळ कौतुकाने वाचला की शेठनी पुन्हा टोपी घातली.

•

सरांचा नियम होता, आधी लिहायचं, मग बोलायचं. चौघांनी आपापला शेरा चिठ्ठीवर लिहायचा आणि मी तो रजिस्टरमध्ये उतरवायचा. सुगंधा लिहायची, "दूध पातळ, साखर मागून लागते." सर लिहायचे, "बर्फाचे खडे दोन." हरेश प्रत्येक दुकानात एकच शब्द लिहायचा, "मस्त."

चौथ्या दुकानात सर भडकले. "मस्त हे मोजमाप नाही."

हरेशने चिठ्ठी परत घेतली, विचार केला आणि दुरुस्ती केली, "बहुत मस्त."

असं महिनाभर चाललं. मग उल्हासनगरमध्येच एका हातगाडीवर आम्ही मलई कुल्फी खाल्ली. हरेशने पहिला घास घेतला आणि चिठ्ठीकडे बघितलंच नाही. काडी संपवली, दुसरी घेतली, तीही संपवली. तोंडातून अक्षर नाही. हा माणूस झोपेतसुद्धा बोलतो, असं त्याची बायको सांगते. सरांनी रजिस्टर माझ्याकडून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "हरेश गप्प."

लॅबमध्ये ती आता सर्वांत वरची ग्रेड आहे.

•

अंबरनाथ ईस्टला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चिंचोळं दुकान आहे. मालक सत्तरीचे, बोलायला महाग. त्यांच्याकडचं सीताफळ आईस्क्रीम खाऊन आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. सुगंधाने विचारलं, "काका, दूध कसं आटवता?"

"जसं सगळे आटवतात," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

सुगंधाने दुसरा चमचा घेतला, डोळे मिटले. मग पेपराच्या पलीकडे बघत म्हणाली, "लोखंडी कढईत. आणि दूध तळाला जरासं लागू देता. लागलेलं नाही, लागू दिलेलं आहे. मग वरचं वर काढून घेता."

पेपर खाली आला. काकांनी तिला नीट बघितलं. "कुठे काम करता?"

"डब्यांच्या कंपनीत."

"चुकीच्या जागी करता," काका म्हणाले, आणि तिला आत भटारखान्यात घेऊन गेले.

ती अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद होता. जांभळाने दूध फाटेल, ही तिच्यापुढची मोठी अडचण होती. काकांनी एका वाक्यात सोडवली होती. जांभळाचा गर चिमूटभर मीठ घालून वेगळा शिजवायचा, दूध वेगळं आटवायचं, आणि दोन्ही गार झाल्याशिवाय एकमेकांना भेटवायचं नाही.

•

आता लॅबची अब्रू काढणारा किस्सा, पण सांगायलाच हवा.

आमच्याकडे डब्यांची ड्रॉप टेस्ट होते. डबा पाण्याने भरायचा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, आणि सकाळी ठरलेल्या उंचीवरून खाली टाकायचा. फुटला तर फेल. मे महिन्यात पहिली जांभळं आली. सुगंधाने दोन दिवस खपून पहिलं आईस्क्रीम केलं. तिच्या घरचा फ्रीज मधेच बंद पडायचा, म्हणून सरांच्या परवानगीने तिने ते लॅबच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. कंपनीच्याच डब्यात. आणि हाताला सवय, म्हणून डब्यावर पांढरं लेबलही चिकटवलं. जे-एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी फ्रीजर उघडला. लेबल लावलेला डबा दिसला की पुढे काय करायचं, हे गेली तेवीस वर्षं त्यांचे हात त्यांना न विचारता करतात.

आम्ही आत आलो तेव्हा झाकण खिडकीपाशी होतं आणि डबा जमिनीवर. आईस्क्रीम काही बर्फासारखं दगड होत नाही. भिंत, टेबल आणि सरांचा पांढरा कोट यांचा रंग सांगायला नको. सुगंधा मटकन स्टुलावर बसली. सर वाकून डब्याच्या कडा तपासायला लागले. तेवढ्यात आवाज ऐकून प्लँट मॅनेजर आत आले. "काय झालं?"

सर म्हणाले, "डबा पास. झाकण फेल."

आणि मग त्यांच्याच लक्षात आलं, आपण काय म्हणालो ते. एका मोठ्या गिऱ्हाइकाची तीन महिने तक्रार होती, की फ्रीजरमधला डबा हातातून पडला तर झाकण उडतं. आम्ही टाकून टाकून थकलो होतो, एकदाही उडालं नव्हतं. कारण आम्ही डबा खुणेपर्यंतच भरायचो. सुगंधाने घरच्यासारखा काठोकाठ भरला होता! तीन महिन्यांचा दोष एका जांभळाने शोधून दिला.

मॅनेजरनी झाकण उचललं. आतल्या बाजूने बोट फिरवून चाखलं. पुन्हा फिरवलं. "झाकणाचं मी बघतो," ते म्हणाले, "हे परत कधी होणार आहे?"

•

सुगंधाने रजा टाकली आणि दुकान जूनच्या पहिल्या शुक्रवारी उघडलं. सकाळभर कुणी आलं नाही. गावातली माणसं ओटीवरून जाताना मान वळवून बघायची आणि पुढे जायची. नाना समोर खुर्ची टाकून बसले होते.

दुपारी हरेशची आई आली, रिक्षातून, दोन नणंदांना घेऊन. या बाईंनी आयुष्यात सांगितलेल्या भावाला कधी काही घेतलेलं नाही. हरेशच्या लग्नात त्यांनी भटजींशीसुद्धा घासाघीस केली होती. हरेशने सुगंधाला आधीच सांगून ठेवलं होतं, "तू भाव जास्ती सांग, अम्मा आधा करेगी, तू मान जा."

सुगंधाला ते जमलं नाही. तिने खरा भाव सांगितला. अम्मांनी कप घेतला, चमचा तोंडात घातला. आम्ही सगळे वाट बघत उभे. अम्मांनी कप संपवला, बटवा उघडला आणि म्हणाल्या, "छह और दे. डिब्बे में."

हरेशने आईच्या कपाळाला हात लावून बघितला.

त्या संध्याकाळी कॅम्प चारमधून आणखी तीन रिक्षा आल्या. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. आठवडाभरात बदलापूर वेस्टच्या सोसायट्यांमधली मंडळी गाड्या घेऊन यायला लागली.

•

आणि तिथेच घोटाळा झाला. गावठाणातली गल्ली अरुंद. रिक्षा आणि गाड्या लागल्या की म्हशी अडायच्या. नानांना आयतं कारण मिळालं. "मी कोन ठरवनार? गावाला विचारू," ते म्हणाले. गावठाणातले सहा म्हातारे एकत्र बसून जे म्हणतील ते तिथे सगळे मानतात. पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाला, ओटीसमोरच्या पारावर बैठक ठरली. नकार आला तर दुकान त्याच दिवशी बंद.

आम्ही तिघं सव्वानऊलाच पोचलो. सुगंधाने त्या दिवशी दुकान उघडलंच नव्हतं. ओटीच्या शटरला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. एजंटही आला होता, ओटीचं माप घ्यायला मेजरिंग टेप घेऊन. एका टेपचा मला एवढा राग येईल असं वाटलं नव्हतं.

म्हातारे बसले. सगळ्यांत मोठे बाळाराम बुवा. सुरुवात त्यांनी करायची. नानांनी आपली तक्रार आधीच घरोघर सांगून ठेवली होती, त्यामुळे आता फक्त निकाल बाकी होता. बुवांनी सगळ्यांकडे बघितलं आणि शेजाऱ्याला खूण केली, तू बोल. शेजाऱ्याने मान हलवून पुढच्याकडे बोट दाखवलं. पुढच्याने टॉवेल तोंडाला लावला. सहाच्या सहा जण ओठ घट्ट मिटून बसले होते. नानासुद्धा ओटीच्या खांबाला टेकून गप्प.

"सब को एक साथ क्या हुआ?" हरेश पुटपुटला.

एजंटला घाई होती. टेप उघडत तो बुवांना म्हणाला, "दुकान नको, असंच धरू ना काका?"

आता बुवांना बोलणं भाग होतं. "नको आसा कोन बोलला?"

त्यांची जीभ जांभळी होती. टोकापासून घशापर्यंत. शेजारचा हसला, तर त्याचे दातही जांभळे. टॉवेलवाल्याने टॉवेल खाली घेतला. मग एकेक करत सगळेच हसायला लागले, आणि पारावर एकही जीभ मूळ रंगाची राहिलेली नव्हती.

नाना तावातावाने पुढे आले. "तुमी सगले..." एवढंच म्हणाले आणि पटकन तोंडावर हात ठेवला. पण आम्ही बघितलं होतं. सुगंधाने तर अगदी जवळून बघितलं. ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

मग तिने कमर चाचपली. किल्ली जागेवर होती. शटरचं कुलूपही तसंच होतं. घरातून ओटीवर उघडणारं दार तेवढं आतल्या बाजूला आहे. आम्ही सगळ्यांनी घराकडे बघितलं.

घराच्या दारात सुगंधाच्या सासूबाई उभ्या होत्या. मी त्या घरी इतक्या वेळा गेले, त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या पदराने स्कूप पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी एजंटकडे बघितलं आणि विचारलं, "तुला पन देऊ काय रं?"