जीपची नवी टाकी

आमच्या घरात साबण अंगाला कमी आणि जीपला जास्त लागायचा. थोरल्या भावाने लष्कराची मोडीत काढलेली जीप लिलावात घेतली होती. तिची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असायची, आणि ती गंजून चाळणी व्हायला आली होती. पेट्रोल झिरपू लागलं की भाऊ साबणाची वडी घेऊन सीटखाली डोकं घालायचा आणि भेगेवर खसाखसा घासायचा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे दोन-चार फेऱ्या निभून जायच्या. वहिनी म्हणायची, "माह्ये कपडे तसेच पडले अन् गाडीची आंघोळ होऊन राह्यली."

शेलूबाजारहून कारंज्याला तो सवाऱ्या न्यायचा. बाजाराच्या दिवशी आत माणसं कोंबलेली, मागे लटकलेली, आणि त्यातला एखादा बिडी पेटवणारच. भाऊ ओरडायचा, "अरे बुढ्या, मी पेट्रोलवर बसलो हाये!" सवाऱ्या खो खो हसायच्या. मला मात्र हसू यायचं नाही. तो रोज जीव मुठीत धरून गाडी हाकतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर वहिनीला दिवस राहिले, तेव्हा त्याला स्वतःच्या जिवाची किंमत कळली. तशी टाकी बाजारात कुठे मिळेना. मग कारंज्याच्या एका मिस्त्रीकडून त्याने जाड पत्र्याची, जुनीपेक्षा मोठी टाकी करून घेतली आणि मागच्या बाकाखाली बसवली. खाली टायरच्या ट्यूबचे तुकडे, वरून लोखंडी पट्ट्या, नटबोल्ट करकचून आवळलेले. घरी आल्यावर गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला तो बाक उचलून टाकी दाखवत होता. मी म्हटलं, "पाळण्याचा पत्ता नाही अन् टाकी आली पह्यले." तो म्हणाला, "पोराच्या बापानं जित्तं राहाव लागते ना, बाई." इतका खूश मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

टाकी गळत नव्हती. फक्त झाकणाला एक बारीक भोक होतं. टाकी भरलेली असली आणि गाडी हिंदकळली की तिथून थेंब उडायचे, आणि मागे बसलेल्यांची डोकी उठायची. पोटुशी वहिनी तर त्या वासाने कासावीस व्हायची.

तिच्या कळा सकाळीच सुरू झाल्या. दुपारपर्यंत सुईण घामाघूम झाली आणि म्हणाली, "माह्या हातचं नाही हे. कारंज्याले न्या, आत्ताच्या आत्ता." भावाने टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. दोन बाकांच्या मध्ये गोधड्या अंथरून वहिनीला निजवलं. आई उशाशी बसली, मी पायाशी. गावाबाहेर पडेपर्यंत भाऊ मागे वळून वळून सांगत होता, "आलंच कारंजा, आलंच."

अर्ध्या वाटेवर जीपने दोन-तीन आचके दिले आणि ती थांबली. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एसटी मघाशीच निघून गेलेली. भावाने बॉनेट उघडलं. हँडल मारमारून त्याचे तळवे सोलले. पेट्रोल वर येत नव्हतं. पंप खराब झाला असं समजून त्याने पंप खोलला, पुसला, परत बसवला. नळी तोंडात धरून ओढली तर घोटभर पेट्रोल तोंडात आलं, गाडी फुरफुरली आणि पुन्हा बंद. मागे वहिनी आईचं मनगट धरून किंचाळत होती. मला तिचे पाय धरवत नव्हते. आई आधी देवाला हाका मारत होती, मग देवाला शिव्या देऊ लागली.

शेवटी टाकीत पेट्रोल आहे तरी का, हे बघायला भाऊ मागे आला आणि त्याने झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत शिरली. त्याने झाकण उजेडाकडे धरलं. मग भोक नखाने कोरून झाकण त्याने नुसतंच टेकवलं आणि हँडल मारलं. जीप चालू झाली. दवाखान्यापर्यंत ती एकदाही अडली नाही.

मुलगा होता. चांगला अंगाने भरलेला, काळ्याभोर जावळाचा. रडला नाही. नर्स म्हणाली, "जरा आधी आणलं असतं तर." लोक हे वाक्य किती सहज बोलतात! त्या बाईचा मला आजही राग येतो, आणि तिचं काही चुकलं नव्हतं हेही मला कळतं.

वहिनी घरी आल्यावर कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एकदा भाऊ तिच्याजवळ चहा घेऊन बसला होता, मी दारात तांदूळ निवडत होते. ती म्हणाली, "गाडीनं दगा देला. नाही तं मी समदी तयारी केलती. वास येऊ नये म्हणून टाकीच्या त्या भोकाले सक्काळीच साबण लावला होता, तुमी लावता तसा."

भावाने बशी खाली ठेवली. तो म्हणाला, "बरं केलं."

मी त्याला ओढत परसात नेलं. तेव्हा त्याने मला सांगितलं. मिस्त्रीने टाकी देताना बजावलं होतं की ते भोक बुजू देऊ नको, हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर येणार नाही. "मी तिले सांगतलंच नाही," तो म्हणाला. "गाडीचं बाईले कायले सांगाव, असं वाटलं. तिनं तं मी शिकवलं तेच केलं." मग भिंतीला डोकं टेकून म्हणाला, "पंप खराब होता. समजलं? पंप."

पुढे त्यांना मूल झालं नाही. वहिनी त्याला आयुष्यभर टाकून बोलली. पाहुण्यांसमोर, सणावाराला, जेवणाच्या ताटावर. "यायनं पंप नाही पाह्यला, माह्यं लेकरू गेलं." तो मान खाली घालून म्हणायचा, "हो, चुकलंच माह्यं." माझी जीभ कितीदा वळवळायची! तिच्याएवढी तोंडाळ बाई नाही असं लोक म्हणत, आणि त्याच्याएवढा मिंधा नवरा नाही असंही.

तो गेला. तेराव्याला सगळे जेवून पांगले तेव्हा वहिनी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मी त्यायले लय बोलली. जाता जाता माफ तरी कराव होतं, तेही नाही केलं. पंपच खराब होता ना वं?"

मी तिचा हात हातात घेतला. "हो वयनी," मी म्हटलं, "पंपच."