आईनं माझा टेप बंद करवला

देवीवर माझा भयंकर राग होता. जिच्यापुढे माझ्या बायकोनं जन्मभर दिवा लावला, तिनंच बायकोची वाचा काढून घेतली होती. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजायचं सगळं, ओठ हलायचे, पण बाहेर काही यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, तुम्ही बोलत राहा. दोन महिने बोलत राहिलो. भेटायला येणारे 'देवीची इच्छा' म्हणायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एक दिवस तिरमिरीत देव्हाऱ्याचं दारच लावून टाकलं.

मी लातूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. तरुणपणापासून मला इंग्रजी रॉकचं वेड. गिटार कडाडली की कितीही संताप असो, त्याचा निचरा व्हायचा. बायको मुरुडची. तिची आई आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ घालून मेळ्यात देवीची गाणी म्हणायची. तीच गाणी ही लग्नानंतर स्वयंपाक करताना गुणगुणायची. एकदा मित्र आलेले असताना मी हसत म्हणालो, "तुझं ते गावठी ओरडणं बंद कर गं." तिनं गुणगुणणं सोडलं ते कायमचं. पुढे माझ्या कॅसेटी ऐकत शेजारी बसू लागली. तिलाही त्या आवडतात, याबद्दल मला कधी शंकाच आली नाही.

म्हणून आजारपणातही मी रोज सकाळी टेपवर तीच गाणी लावायचो. 'आपली गाणी' म्हणायचो. ती डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, रमली.

एका मंगळवारी टेप चालू असतानाच दारात चौंडकं वाजलं. एक म्हातारी आराधीण परडी घेऊन जोगवा मागत उभी होती. मी तडकलोच.

"पुढं जा. या घरात देवी-बिवी काही नाही."

"जाते की दादा. पन घरची बाई कुठं हाय? जोगवा बाईच्या हातचा असतोय."

"तिचा हात चालत नाही, वाचा गेलीय. का गेली ते विचार तुझ्या देवीआईला!"

ती हलली नाही. पायरीवर बसली आणि चौंडक्याची तार छेडत गाऊ लागली. मी ओरडलो, तसा तिचा आवाज चढला. मग मीही इरेला पेटलो. आत येऊन टेपचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. खिडकीची तावदानं थरथरायला लागली.

"बंद... बंद करा!"

मी वळलो. बायको बोलली होती! मला रडू फुटलं. "थांब, आत्ता हाकलतो तिला," म्हणत दाराकडे धावलो, तर तिनं डाव्या हातानं पलंगावर थाप मारली आणि टेपकडे बोट दाखवलं. "त्ये... बंद करा."

मी टेप बंद केला. घरात आता म्हातारीचाच आवाज उरला आणि पुढच्या कडव्याला बायकोनं गाणं उचललं. अख्खी ओळ, कुठे न अडखळता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण कपाळावर आठ्या होत्या. गाणं संपल्यावर माझ्याकडे बघून एकेक शब्द ओढत ती म्हणाली, "लई वर्सं... कान... किटले माझे."

पिठाचं ताट मीच तिच्यापुढे धरलं. उजवा हात निर्जीव. मी संकोचून विचारलं, "डाव्या हातानं चालेल का?"

म्हातारीनं पलंगापाशी येऊन परडी पुढं केली. "आईला डावा-उजवा काय बी न्हाई, दादा. वाढ गं माय."

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, वाचा गेलेली माणसं कधी कधी गाऊ शकतात, गाण्याची जागा मेंदूत वेगळी असते. असेल. मी शास्त्राचा माणूस, मला पटतं. पण मी तोंडावर एवढा अपमान केल्यावरही ती बाई आमच्याच पायरीवर का बसून राहिली, हे मी आता कुणाला विचारत नाही. देव्हाऱ्याचं दार उघडलं आणि हात जोडले. राग गेला नव्हता, फक्त देवीवरचा माझ्यावर आला होता. झटक्यानं बायकोची वाचा गेली ती दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ती मीच घालवली होती, चार मित्रांसमोर, हसत हसत.

आता रोज सकाळी ती देवीचं गाणं म्हणते आणि मी मागे झील धरतो. माझा सूर चुकला की ती चिडते. तिनं चिडावं, अगदी घर दणाणेल असं चिडावं. आईजवळ आता माझं दुसरं मागणं नाही.