दोघांची गोष्ट, आईच्या खाटेपाशी

आमच्या खानदानात मला गोष्टी सांगणारा म्हणून ओळखतात. म्हणजे कसं, तर लग्नात वरात उशिरा येणार असेल किंवा तेरवीच्या दिवशी भाजी शिजायला वेळ असेल, की कोणीतरी म्हणतं, "त्याले बसवा मधात." मी बसतो. भाजी शिजली की लोक गोष्ट अर्ध्यात टाकून पंगतीला उठतात. आजवर माझी एकही गोष्ट कोणी शेवटपर्यंत ऐकलेली नाही, त्यामुळे मला शेवट करता येतो की नाही, हे मलाही पक्कं ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, धान खळ्यात आलं होतं त्या दिवसांत, आई अंगणातल्या तनसीवरून, म्हणजे धानाच्या पेंढ्यावरून, घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान बसलंय, आता चालवा. महिनाभरात चालल्या नाहीत तर मग कायमच्या खाटेवर. आम्ही वॉकर घेऊन घरी आलो. आईने वॉकरकडे एकदा पाहिलं आणि त्यावर आपला टॉवेल वाळत घालायला सांगितला.

ही तीच आई, जी दरवर्षी महाशिवरात्रीला आमच्याकडचा प्रतापगड चढायची. महादेवाला बेल वाहून झाला की तिथल्याच दर्ग्यावरही माथा टेकायची, आणि आम्ही खाली धापा टाकत असताना वरून ओरडायची, "मेले का सारे?" आता ती खाटेवरून दारापर्यंतची अकरा पावलं टाकायला तयार नव्हती. का, तेही सांगत नव्हती. "होईल," एवढंच.

तिच्यासाठी दोघी यायच्या. सकाळी नऊला सिस्टरबाई. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या, मूळच्या छत्तीसगडकडच्या, गळ्यात बारीक क्रूस. त्या आईला 'दाई', म्हणजे त्यांच्या बोलीत आई, म्हणायच्या, पाय वाकवून-सरळ करून घ्यायच्या आणि मला रागवायच्या. दुपारी नमाज झाला की शेजारच्या चाची. आईचे ब्लाउज तीस वर्षांपासून त्याच शिवतात, आणि तीस वर्षांपासून आई म्हणते की बाही घट्ट झाली.

अडीच आठवडे असेच गेले. शेवटी मी माझं एकुलतं एक हत्यार काढलं. म्हटलं, "माय, रोज गोष्ट सांगतो. पण उभी राहून ऐकायची. एकेक पाऊल टाकशील तशी गोष्ट पुढे जाईल."

"तुया गोष्टी मले पाठ आहेत," आई म्हणाली. "राजा असते, तळं असते, तळ्यात भूत असते. दुसरं काही येते का तुले?"

"तू सांग कोणती पाहिजे."

आईने जरा विचार केला. "ह्या दोघी येऊन राहिल्या माह्यासाठी. एक येशूची, एक पैगंबराची. हे दोघं कोन होते, काय होते, मले कोनी धड सांगतलं नाही. थे सांग."

मी तालुक्याच्या वाचनालयातून दोन पातळ पुस्तकं आणली आणि वहीत दोन रकाने आखले. डावीकडे येशू, उजवीकडे पैगंबर. जन्म, घर, धंदा, लग्न, शेवट. इतकी तयारी मी बारावीलाही केली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी आईला काखेत धरून उभं केलं आणि सुरू केलं, "हे दोघं दोन मोठ्या धर्मांचे संस्थापक."

चाची तिथेच सुईत दोरा ओवत होत्या. "संस्थापक क्या होता है बेटा?"

मी म्हटलं, स्थापना करणारे. म्हणताना माझ्याच डोळ्यांपुढे शाळेच्या ऑफिसातला हार घातलेला फोटो आला. चाची म्हणाल्या, "हमारे यहाँ ऐसा नहीं कहते. दीन, यानी धरम, तो आदम से चला आ रहा है. पैगंबर साहब तो आखिरी नबी हैं." दुसऱ्या दिवशी सिस्टरबाईंनीही तेच वेगळ्या तऱ्हेने ऐकवलं: येशूने नवा धर्म काढतो असं कधी म्हटलं नाही, तो तर ज्यू म्हणून जन्मला आणि ज्यू म्हणूनच गेला. म्हणजे रकान्यांचा मथळाच चुकला होता. मी तो खोडला आणि पुढे गेलो.

पहिले चार दिवस बरे गेले. एकाला सुताराच्या घरचं वळण; दुसऱ्यांनी लहानपणी शेळ्या-मेंढ्या राखल्या, मोठेपणी व्यापार केला. एकाचं लग्न नाही. दुसऱ्यांचा संसार, लेकीबाळी. एकाला लोकांत फिरून शिकवायला तीनेकच वर्षं मिळाली, दुसऱ्यांना वीसेक. एकाने मरता मरता मारणाऱ्यांसाठी माफी मागितली. दुसऱ्यांना ज्या गावाने छळून घालवलं, त्याच गावात ते जिंकून परतले आणि त्यांनी माफी दिली. आई प्रत्येक वाक्याला अर्धं पाऊल टाकायची आणि प्रश्न विचारायची.

"येशूले अरे-तुरे अन् पैगंबरले अहो-जाहो, असं काऊन?"

सिस्टरबाई म्हणाल्या, "दाई, तू महादेवाला अहो म्हणतेस का?"

"नाही वो."

"मग?"

आईचं समाधान झालं. मला मात्र अंगातली खोड आडवी आली. आम्ही कोहळी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारे. माझ्या कोणत्याही गोष्टीत तळं असल्याशिवाय माणसं जगत नाहीत. आईने विचारलं, "त्या मक्केत पानी कोठून ये?" आणि मी बेधडक सांगितलं, गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं, त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बाभळी होत्या. जादा पाण्याला सांडवाही काढून दिला. चाचींची सुई थांबली. "बेटा, वहाँ तालाब कहाँ? पत्थर और रेत. कुआँ है, जमजम का."

"याच्या आज्यानं जाऊन खोदलं असंन," आई म्हणाली आणि हसली. खुबा मोडल्यापासून पहिल्यांदा.

मला गोष्टीतल्या माणसांचे आवाज काढायचीही सवय आहे. एकदा मी घसा खाकरून तयारीत होतो, तेवढ्यात चाचींनी हात वर केला. अगदी हळू म्हणाल्या, "उनकी आवाज मत निकालना, बेटा. बस बता दो क्या फरमाया." मी तेव्हापासून साधं सांगू लागलो. खरं सांगायचं तर गोष्ट सुधारली.

पाचव्या दिवशी मी माती खाल्ली. आई सहा पावलांवर पोचली होती, दार पाच पावलांवर होतं आणि मी येशूच्या शेवटाशी आलो होतो. त्याला क्रुसावर चढवलं, खिळे ठोकले, खाली त्याची आई उभी होती, असं सांगून मी थांबलो. जत्रेतला खेळवाला थांबतो तसा. म्हटलं, "आता दोन पावलं टाक, मग पुढचं."

आई माझ्याकडे बघत राहिली.

"लाज नाही वाटत तुले? तिचं लेकरू तिथं टांगलं आहे अन् तू मले पावलं मागून राहिला?" ती मागे वळली, खाटेवर बसली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "ने तुई वही."

पुढचे तीन दिवस ती उभीच राहिली नाही. महिना पुरा व्हायला चार दिवस उरले होते. बायको म्हणाली, "चांगली चालत होती, तुम्ही गोष्ट सांगतली."  मी वही कपाटावर फेकली.

सिस्टरबाईंनी मला अंगणात बोलावलं. "तुम्हाला दिसतं का, पाय टेकवला की दाई दात दाबते? घामाने भिजते. पण तोंडातून हुं नाही. एवढं दुखल्यावर माणूस ओरडतो. ही ओरडत नाही, म्हणून उभी राहत नाही. जितकं गिळता येतं तितकंच चालते."

मला हे दिसायला हवं होतं. आमच्या घरात कोणी रडत नाही. पाळ झिरपली की तळं जातं, असं आजोबा म्हणत, आणि ते माणसांनाही लावत. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. आठ महिन्यांचा होऊन तापाने गेला. हे मला आत्याने सांगितलं. घरात कोणी नाव काढत नसे. त्या दिवशी दुपारी बाबा पोराला मातीत ठेवून आले, हातपाय धुतले आणि पाळीवर काम चालू होतं तिकडे गेले. आईला सासूने सांगितलं, पाण्याला जा. ती पाण्याला गेली. पाळ मात्र, मी हे शेतीतला माणूस म्हणून सांगतो, प्रत्येक झिरपते. खालच्या बांधीतले, म्हणजे धानाच्या वावरातले, लोक त्या झिरप्यावर वांगी लावतात.

सिस्टरबाई हे बोलल्या त्याच दिवशी दुपारी दोघीही एकदम घरात होत्या. सिस्टरबाई उशिरापर्यंत थांबल्या होत्या आणि चाची आईसाठी सैल बाह्यांचा गाऊन शिवून घेऊन आल्या होत्या. आईने गाऊन पाहिला, बाहीत हात घालून बघितला आणि एकदम विचारलं, "सिस्टर, थे येशूची माय, मरियम, शेवटपर्यंत उभीच होती का?"

"आमच्या पुस्तकात तसंच लिहिलंय, दाई. जवळ उभी होती."

चाची म्हणाल्या, "मरियम तो हमारी भी हैं, भाभी. कुरान में पूरी सूरत, पूरा अध्याय, है उनके नाम का. लेकिन हम मानते हैं, हजरत ईसा को, यानी येशू को, सूली नहीं हुई. अल्लाह ने उन्हें उठा लिया."

 मी खाली बघितलं. सिस्टरबाईंनी क्रूस बोटांत धरला आणि म्हणाल्या, "आमच्यात सूली झाली. तुमच्यात नाही. काय करायचं?"

"करना क्या है," चाची म्हणाल्या. "चाय पीना है."

आईचं या वादाकडे लक्षच नव्हतं. "पैगंबरले लेकरं होते म्हनते हा. जगले का?"

चाचींनी गाऊनची घडी केली, परत उलगडली. "बेटियाँ बडी हुईं. बेटे सब छोटे-छोटे गए. आखिरी वाला तो गोद का था. नबी ने खुद गोद में लिया था, भाभी, जब वो जा रहा था."

"मंग?"

"मंग क्या. रोए."

आई कोपरावर उठली. "थे रडले? येवढे मोठे मानूस? घरात?"

"सबके सामने. किसी ने पूछा भी, कि आप भी? उन्होंने इसे रहमत कहा, अल्लाह की दया. आँख रोती है, दिल दुखता है, इसमें गुनाह कैसा."

आई सिस्टरबाईंकडे वळली. तिला काय विचारायचंय ते त्यांना विचारण्याआधीच कळलं. "येशूपण, दाई. त्याचा मित्र मेला होता, त्याच्या कबरेजवळ. लोक बघत होते. म्हणाले, बघा याचं किती प्रेम होतं."

"त्याले तर देव म्हनता तुमी."

"हो. तरी रडला."

माझ्या दोन रकान्यांत जन्म, घर, धंदा, लग्न, शेवट सगळं होतं. ही ओळ नव्हती. दोन्ही पुस्तकांत ती असणार. मीच ती गाळली असणार. आमच्या घरच्या माणसाला ती वाचताना दिसली नसेल.

आईने चाचींच्या हातातला गाऊन आपल्याकडे ओढून घेतला. मग कोणाला उद्देशून नाही, पण माझ्याकडे बघत म्हणाली, "लेकरू ठेवून आला त्या दिवशी तुया बाप पानी मारून राहिला होता पाळीवर. मातीले. मी दुरून पाह्यलं. येकच जागी मारून राहिला होता." एवढंच. चाचींनी तिचा हात धरला. चहा आला, गार झाला. मी गोष्ट सांगणारा माणूस. तिथे मी फक्त कप उचलून आत नेले, आणि ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाई आल्या. आईने मला वॉकरवरचा टॉवेल काढायला सांगितला. उभी राहिली. पहिलं पाऊल टेकवलं आणि असा आवाज काढला की चुलीपुढे झोपलेलं मांजर उठून पळालं.

"मेली वो मायऽऽ!"

"चिल्ला, दाई!" सिस्टरबाई म्हणाल्या. "अजून जोरात!"

आई रडत होती. डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून. दुसऱ्या पावलाला डॉक्टरला शिव्या दिल्या, तिसऱ्याला तनीस अंगणात पसरवणाऱ्याला, म्हणजे मला. पाचव्या पावलाला त्या आठ महिन्यांच्या पोराला नावाने हाक मारली. मी पन्नाशी ओलांडली, आणि मला एक भाऊ होता त्याचं नाव मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. मी काखेत हात घालून तिला धरलं होतं. माझेही डोळे वाहत होते, पण दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे पुसायची सोय नव्हती.

चाची कुंपणापलीकडून धावत आल्या, अर्ध्या शिवलेल्या बाहीसकट. तोवर गल्लीतली चारपाच माणसं फाटकापाशी जमली होती. समोरच्या घरचे म्हातारे पाटील डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात धरून उभे होते, जसे माणसं मयतीला उभी राहतात.

"का झालं गा?" त्यांनी हळूच विचारलं. "कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं, काका," मी म्हटलं. "माय चालून राहिली."