इस्तारीभाऊचे मागचे दोन टायर

मला राग लवकर येतो. मूल गावच्या शाळेत माझ्याकडे गणित शिकलेली पोरं हे कुणालाही सांगतील. पण त्या दिवशी चंद्रपूरच्या टायरच्या दुकानातून निघताना मला राग आलाच नाही. उलट बिलाची घडी करून खिशात ठेवताना मी स्वतःवर खूश होतो, आणि त्याचीच चीड अजून जात नाही.

इस्तारीभाऊ आमच्या गावचा ढिवर, पिढीजात मासेमार. पंचावन्नच्या आसपास वय, अंगानं काटक, बोलणं मोजकं. आमच्या भागात तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, भरपूर. मच्छीमार संस्था ते तलाव ठेक्यानं घेतात आणि पावसाळ्यात त्यांत बोटुकली सोडतात, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. ही पिल्लं मत्स्यबीज केंद्रावरून तलावापर्यंत जिवंत आणायचं काम इस्तारीभाऊ आपल्या जुन्या पिकअपमधून करतो. मागच्या हौद्यात ताडपत्री अंथरायची, गुडघाभर पाणी भरायचं आणि त्यात पिल्लं. पाणी थांबलं की पिल्लं गुदमरतात, म्हणून कुणीतरी वाटभर ते घुसळत राहावं लागतं.

ते कुणीतरी म्हणजे गोकुळाबाई, त्याची बायको. पाण्यात पाय रोवून, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी पाणी उडवत ती दोन-दोन तास उभी असते. हात पाण्यात, म्हणजे धरायला काही नाही. खड्डा आला की अंगानंच तोल सावरायचा. हवा भरलेल्या पिशव्यांतूनही पिल्लं आणतात, हे मी एकदा तिला शहाणपणानं सांगितलं.

"थे पिल्लं सुस्त निघते, मास्तर," ती म्हणाली. "हातानं आनली का तलावात सुटल्याबरोबर पळते."

तर अशी ती गाडी, टनावारी हिंदकळणारं पाणी आणि त्यात उभी बाई. सगळा भार मागच्या दोन टायरांवर. ते टायर जुलैत इतके गुळगुळीत झाले की चिखलात गाडी जागच्या जागी फिरायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर आमच्या संस्थेचा नंबर होता. इस्तारीभाऊ आदल्या सकाळीच माझ्याकडे आला. "मास्तर, तुमी चला सोबत. शिकलेला मानूस असला का दुकानवाला नीट बोलते."

दुकानवाला कसा नीट बोलला तेही ऐका. आम्ही दारात गाडी लावली तर काचेच्या केबिनमधून शेठ ओरडला, "ए मच्छीवाले, गाडी तिकडे मागं घे, वास येते. इथी गिऱ्हाईक येतात." म्हणजे आम्ही गिऱ्हाईक नव्हतो, आम्ही वास होतो. आमच्यानंतर एक पांढरी मोटार आली, तिच्या मालकाला खुर्ची मिळाली, थंड पाणी मिळालं. इस्तारीभाऊ चप्पल बाहेर काढून उभा. मी तेव्हाही गप्प बसलो. काम लवकर उरकावं, एवढंच डोक्यात होतं.

इस्तारीभाऊनं मात्र बरोबर विचारलं. लोडचा टायर पाहिजे, गाडी पाणी भरून चालते, बाजू पक्की पाहिजे. शेठनं मागच्या गोदामातून दोन टायर मागवले. काळेकुळकुळीत, चकचकीत, अंगावर रबराचे बारीक केस. "एकदम ताजा माल, भाऊ. कालच आला." इस्तारीभाऊनं त्यांच्यावरून हात फिरवला आणि मान डोलावली. जो माणूस बाजारात माशाचा कल्ला अंगठ्यानं उचलून कधीचा आहे ते सांगतो, तो टायरच्या नुसत्या चकाकीवर भुलला. आणि मी? मी बिलावरची बेरीज तपासली. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, बेरीज बरोबर आली म्हणून समाधानी!

टायर बसवून झाल्याबरोबर शेठनं स्वतःच पूजेचं ताट आणवलं. हळदकुंकू, उदबत्ती, नारळ. "आमच्याकडून फ्री," म्हणाला. इस्तारीभाऊला भरून आलं. आमच्याकडे नवीन जाळं पाण्यात टाकण्याआधी पूजा होते, आणि पूजा झालेलं जाळं मग बदलत नाहीत. त्यानं दोन्ही टायरांना हात जोडले, नारळ फोडला, शेठलाही खोबरं दिलं. मला तेव्हा शेठ चांगला माणूस वाटला, हे लिहितानाही लाज वाटते.

दुपारी मूलला पोचलो. हवा भरायची तर इस्तारीभाऊ वारलूकडेच भरतो. बाजाराच्या तोंडाशी त्याचं पंक्चरचं दुकान, आणि समोरच गोकुळाबाई मासे विकायला बसते. वारलू हवेची नळी घेऊन वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"भाऊ, हे टायर कोनाचे आनले?"

"कोनाचे म्हंजे? नवे आहेत."

वारलूनं कडेवरच्या लांबट चौकटीतल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं. २३१८. "पयले दोन आकडे आठवडा, मंगचे दोन साल. तेविसावा आठवडा, अठरा साल. आता चोवीस चालू हाये." मग त्यानं रॉकेलच्या चिंधीनं टायरची बाजू पुसली. काळं पॉलिश चिंधीवर आलं आणि खाली, रिमच्या जवळ, केसाएवढ्या भेगा गोल फिरलेल्या दिसल्या. दुसऱ्या टायरलाही तसंच. "गोदामात वाळले हे. रिकामी गाडी चालन. पानी भरून नाई. फुटन."

गोकुळाबाई मासे तसेच टाकून आली होती. तिनं भेगेवरून नख फिरवलं. शेजारणीला टोपली बघायला सांगितली आणि गाडीत येऊन बसली. "चला परत."

वाटेत मी भाषण तयार केलं. ग्राहकाचे हक्क, तक्रार, सगळं. दुकानात शिरल्याबरोबर ते सुरूही केलं. शेठनं ते पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता इस्तारीभाऊला म्हणाला, "भाऊ, पूजा झाली ना? नारळ तुम्हीच फोडला. पूजा झालेला माल परत घेत नाही मी. आणि तुम्हीच सांगा, कुंकू लावलेला टायर काढून फेकाचा? उद्या मोठ्या कामाले जाऊन राह्यले तुम्ही. अपशकुन नाई का?"

आता कळलं ताट फुकट का होतं. माझ्या कानशिलातून वाफ निघायची बाकी राहिली. हा माणूस देवाच्या आडून सडका माल खपवत होता, आणि कुणावर हे चालतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मोटारवाल्याला त्यानं ताट दाखवलंही नव्हतं.

त्याहून जास्त राग मला इस्तारीभाऊचा आला. त्याची मान खाली गेली होती. "जाऊ द्या, मास्तर," तो पुटपुटला. "हळू चालवीन मी." आणि खरंच गाडीकडे वळला. हळू चालवीन! गाडीत पुढे बसून हा हळू चालवणार, आणि मागे कोण उभं राहणार? मी त्याच्यावर ओरडणार तेवढ्यात गोकुळाबाई माझ्या पुढे झाली. तिनं पिकअपच्या मागचा फाळका खटकन उघडला.

"शेठ, इकडे या."

"काय आहे, बाई?"

"पूजा तुमच्या घरची, माल तुमचा, भरोसा तुमचा. तर मंग उद्या माह्या जागी इथी उभे राहा. दोन घंटे. गुडघाभर पानी, दोन्ही हात पान्यात. कुठीच धराचं नाई."

शेठ हसला. "मी काहाले मरू, बाई?"

"मंग मी काऊन मरू?"

टायर फुटणार हे शेठच्याच तोंडून निसटलं होतं. आणि इस्तारीभाऊ, गाडीच्या दाराला हात लावून उभा होता, तो तसाच थबकला. त्यानं गोकुळाबाईकडे पाहिलं. तीस वर्षं ती मागे उभी होती आणि तो पुढे बघून गाडी चालवत होता.

त्यानं सीटखालून जॅक काढला. काचेच्या केबिनच्या अगदी समोर गाडी उचलली आणि एकेक नट सोडायला लागला.

"अरे भाऊ, पूजा झाली त्याची!" शेठ ओरडला.

"नारळ दुसरा भेटते, शेठ."

कुंकू लागलेली दोन्ही चाकं त्यानं ढकलत नेली आणि केबिनच्या दारात आडवी टाकली. आत बसलेल्या गिऱ्हाइकांनी आपापल्या खुर्च्या मागे सरकवल्या. एक जण उठून टायरवरचे आकडे वाचायला वाकला, तसा शेठचा आवाज एकदम गोड झाला. पाच मिनिटांत दोन टायर आले. मी चौकट पुसून वाचली. ११२४, दोन्हीवर. याच वर्षीचे, त्याच भावाचे. गोदामातून नव्हे, शेठच्या खुर्चीमागच्या रांगेतून काढलेले. सकाळी आम्ही उभे होतो तिथून दहा पावलांवर ते होते. आमच्यासाठी काढले नव्हते, इतकंच.

मला पुन्हा शेठच्या अंगावर जायचं होतं. पण इस्तारीभाऊ चाकाशी उकिडवा बसून, पाना हातात धरून, खाली बघत बायकोला म्हणत होता, "चुकलं माहं."

गोकुळाबाईनं फाळका लावला.

"नट आवळा पयले," ती म्हणाली. "चांगले आवळा."